सदर उपरणे हे उपरणे नसून

कृष्णराव गायधने यांची मान गेल्या वर्षी करडीच्या मंडईत, दुपारी सव्वादोन वाजता, डावीकडे वळलेल्या अवस्थेत अडकली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण शेवटच्या फोटोवर ती कॅमेऱ्यानेच नोंदवून ठेवली आहे. त्या फोटोत एक जिलबीची कढई आहे आणि अर्धा माणूस आहे. त्यापुढे फोटो नाही. त्यापुढे दोघांनी धरून कृष्णरावांना भावाच्या ओसरीवर नेऊन बसवलं, आणि जेवण, पान, चहा होऊन परतीच्या गाडीत बसेपर्यंत ते डावीकडेच पाहत राहिले. उजवीकडे त्यांचा मावसभाऊ बसला होता. आपल्याकडे एकदाही पाहिलं नाही म्हणून तो जो रुसला, तो अजून बोलत नाही.

मावसभावाचं एक वेळ सोडून देऊ. खरा घोटाळा वेगळाच झाला होता. त्या दिवशी दंडार सुरू झाली ती अडीच वाजता.

आमच्याकडची मंडई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवाळी सरली, धान कापणीला आलं, की गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. लेकीबाळी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, लग्नाची स्थळं चारचौघांत गुपचूप पाहून घेतली जातात, आणि दिवसाउजेडी दंडार, म्हणजे ढोलकीवरचा पोरांचा नाच, रंगते. करडीच्या दंडारीत ढोलकी नत्थूची. चाळीस वर्षांत पोरं नाचून बाप झाली, बाप आजे झाले, ढोलकीवाला बदलला नाही. आणि या चाळीस वर्षांत नत्थूचा एकही धड फोटो निघाला नाही. फोटोत नाचणारे येतात. ढोलकीवाला मागं, कुणाच्या तरी कोपराआड.

"आधार कारडावर हाय एक," नत्थू कृष्णरावांना म्हणाला होता, "पन तो पाहून आमची रुखमिणी म्हनते हा कोन माणूस हाय. किसनभाऊ, तुमच्यापाशी मोठा कॅमेरा हाय. ढोलकीसंगट एक फोटो काढून द्या. आपल्या मागं भितीवर लावायले होते."

कृष्णरावांनी शब्द दिला होता. आणि ऐन वेळी ते ओसरीवर बसून डावीकडे पाहत होते. ढोलकी उजवीकडे वाजत होती.

यंदा दसऱ्याला नत्थू भेटला. एवढंच म्हणाला, "यंदा माही शेवटची मंडई हाय, भाऊ. आता नाही होत." हे ऐकून कृष्णरावांनी मानेचा बंदोबस्त करायचं ठरवलं, आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

कृष्णराव साकोलीच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहेत. कोणती कचेरी ते सांगत नाही, त्यांना अजून दोन वर्षं नोकरी करायची आहे. रजा, वेतनवाढी, बदल्या आणि नोटिसा हा त्यांचा संसार. त्याबाहेर स्वतःचं म्हणावं असं एकच, तो कॅमेरा. लांब भिंगासकट त्याचं वजन अडीच किलो भरतं, आणि हे अडीच किलो कंपनीने दिलेल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर गळ्यात लटकतं. पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत विणलेलं आहे. संध्याकाळपर्यंत ते उलट्या अक्षरांत कृष्णरावांच्या मानेवर उमटतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "गळ्यात काहीही अडकवायचं नाही," आणि लगेच गळ्यात अडकवायचा एक पांढरा पट्टा लिहून दिला. तो लावून कृष्णराव घरी आले. सुलोचनाबाईंनी दार उघडलं, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आता सांगते ते आयका. यंदा मंडईत मान अडकली, त कॅमेरा पोरीले देऊन टाकायचा. आतापर्यंत तुमचे फोटो पाहिले, आता तुमची मान कोन पाहीन?"

"यंदा नाही अडकत."

"काहून? मान नवी आनून राहिले का?"

"पट्टा नवा आनतो," कृष्णराव म्हणाले. एवढ्या सोप्या वाक्याने माणूस केवढ्या संकटात पडू शकतो याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

मानेचं एक वाईट असतं. ती ज्याला ज्याला आहे त्या प्रत्येकाला तिच्याविषयी बोलता येतं. कचेरीत ही बातमी पसरली आणि मधल्या सुट्टीत कामकाज तहकूब झाल्यासारखं सगळे टेबलाभोवती जमले. कोणी उशी काढायला सांगितली, कोणी दोन घ्यायला सांगितल्या. लेखा शाखेचं म्हणणं पडलं की मान कॅमेऱ्याने दुखत नाही, खुर्चीने दुखते. शिपायाने मोहाच्या तेलाचं नाव घेतलं आणि कोणती बाजू चोळायची यावर दोन शाखांत मतभेद झाले. कृष्णराव पांढऱ्या पट्ट्यातून संपूर्ण अंग वळवून प्रत्येकाकडे आदराने पाहत होते. दुसरं काही करताही येत नव्हतं.

पण खरा जाणकार निघाला तो शेजारी. बाबुलाल, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर.

"साहेब, पट्टा म्हंजे काय ते मले इचारा," बाबुलाल म्हणाले. "एकतीस वरसं तिकिटाची पेटी अन् चिल्लरची थैली याच खांद्यावर होती. उभ्यानं. खड्ड्याखुड्ड्यातून. डॉक्टराले काय समजते?"

आणि त्यांनी आतून एक चामडी पट्टा आणला. तेल पाजून पाजून काळा, मऊ, रुंद. स्वतःच्या खर्चाने शिवून घेतलेला, म्हणून निवृत्तीनंतर घरी राहिलेला. त्यांनी त्याचं बकल आपल्या सदऱ्याने पुसलं आणि तो कृष्णरावांच्या हातात ठेवला. अशा वेळी नाही म्हणता येत नाही.

रविवारी कृष्णराव पट्टा आजमावायला साकोलीच्या बसस्टँडवर गेले. नेमका खाकीकडे झुकणारा शर्ट घातला होता. पाचच मिनिटांत दोन पिशव्या घेतलेली एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"लाखांदूर लागली का, भाऊ?"

"मी कंडक्टर नाही, आई."

"मंग कोन हा?"

वरिष्ठ लिपिक म्हणावं तर हातात कॅमेरा, फोटोग्राफर म्हणावं तर तसं कोणी आजवर म्हटलेलं नाही. तेवढ्यात लाखांदूरची गाडी लागली, म्हणून त्यांनी म्हातारीला पिशव्यांसकट आत बसवून दिलं. ते पाहून आणखी चौघे आले. दुपारपर्यंत त्यांनी अकरा जणांना योग्य गाडीत बसवलं, दोघांची भांडणं सोडवली आणि फोटो एकही काढला नाही. शिवाय वाकलं की पट्टा खांद्यावरून सुटून कोपरात येई, आणि अडीच किलो गुडघ्यावर.

बाबुलालांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा डावा खांदा उजव्याहून चांगला दीड बोट वर होता.

"पट्ट्याची चूक नाही, साहेब. खांदा त्याच्यासारखा व्हावं लागते. तुम्ही पंधरा-वीस वरसं द्या त्याले."

मंडईला तेरा दिवस उरले होते.

मग तृप्तीचा फोन आला. तृप्ती म्हणजे कृष्णरावांची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिला आईकडून सगळं कळलंच होतं. "बाबा, तुम्ही कायले साऱ्या गावाले विचारत बसले? मी मागवते. दोन्ही खांद्यांवर वजन वाटून जाते. रिव्ह्यू पाहिले मी, खूप चांगले आहेत."

पट्टा चार दिवस 'आज पोहोचणार' होता. पाचव्या दिवशी पोहोचला तेव्हा कृष्णराव कचेरीत होते, दारावरच्या माणसाला मोबाइलवर आलेला आकडा हवा होता, आणि मोबाइल कृष्णरावांकडे. सुलोचनाबाईंनी आपलं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शेवटी लग्नाचा फोटो दाखवून पाहिला. पार्सल परत गेलं. सहाव्या दिवशी कृष्णरावांनी अर्धी रजा टाकली. रजेचं कारण 'पट्टा' असं लिहिणं प्रशस्त वाटेना, म्हणून 'वैयक्तिक' लिहिलं. लेखा शाखेने 'म्हणजे पट्टा' असं बोलून दाखवलंच.

पट्टा निळा होता, गुबगुबीत होता, आणि त्याला अकरा बकलं होती. सोबतच्या कागदावर एक हसरा परदेशी माणूस तीन चित्रांत तो घालून मोकळा झाला होता. कृष्णरावांना चाळीस मिनिटं लागली. घातल्यावर अगदी हलकं वाटलं, हे मान्य करावं लागेल. काढायची वेळ आली तेव्हा पाठीवरचं बकल काही केल्या सुटेना. सुलोचनाबाईंनी ओढलं, बाबुलालांना बोलावलं, बाबुलालांनी गुडघा पाठीला लावून ओढलं. कृष्णराव मधोमध उभे राहून कोणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हते. सोळा आणे सरकारी माणूस स्वतःच्या बैठकीत असा जेरबंद झाला की त्याच्या मनात काय काय येतं, ते इथे न लिहिलेलं बरं.

तरीही मंडईला त्यांनी तोच नेला, दुसरा होता कुठे?

करडीत पोचले तेव्हा सकाळचे दहा झाले होते. बांध्यांत धान पिवळं होऊन लोळलेलं, रस्त्यावर पाळण्यावाल्याची ओरड, जिलबीची कढई यंदाही त्याच जागी. बारापर्यंत कृष्णरावांनी साठ-सत्तर फोटो काढले. आणि साडेबाराला मानेच्या मुळाशी ती ओळखीची कळ आली. दोन्ही खांद्यांवर वाटलेलं वजन कॅमेरा डोळ्याशी उचलला की पट्ट्याच्या पाठीवरच्या चकतीतून सरळ मानेलाच येऊन भेटत होतं. ते ओसरीकडे पाहू लागले. ओसरीवर मावसभाऊ उजवीकडच्याच जागेवर बसलेला होता.

देवळामागे दंडारीची पोरं तोंडाला रंग लावत होती. नत्थू बाजूला ढोलकी बांधत होता. त्याने कृष्णरावांच्या मानेकडे एक नजर टाकली.

"यंदाही का?"

कृष्णरावांना वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "थांबतो मी," ते म्हणाले. "मान तुटली तरी थांबतो."

"तुटलेल्या मानेचा माणूस काय फोटो काढीन?" नत्थू म्हणाला. "सोडा ते निळं लचांड. हिकडे या."

लचांड सोडायला तिघे लागले. मग नत्थूने आपल्या थैलीत हात घातला. त्या थैलीत दुपट्टे, म्हणजे गळ्यात घालायची उपरणी होती, निरनिराळ्या रंगांची. निवडणूक कोणाचीही असो, सभा कोणाचीही असो, मिरवणुकीला ढोलकी लागतेच, आणि प्रत्येक वेळी गळ्यात एक दुपट्टा पडतो. नत्थूची ढोलकी आजवर सर्व पक्षांनी बांधली आहे. त्याने हाताला आला तो दुपट्टा उपसला, चिन्ह आतल्या बाजूला जाईल असा गुंडाळला, कृष्णरावांच्या उजव्या खांद्यावरून तिरपा घेतला, कमरेला एक वेढा दिला आणि गाठ मारून कॅमेरा कुशीवर ठेवला.

"वजन गळ्यात नाही घालत, भाऊ. गळ्यात हार घालते. वजन कमरेले द्यायचं, खांद्यानं निस्तं सांभाळायचं."

कृष्णरावांनी कॅमेरा उचलला. मान दुखली नाही. परत उचलला. हळूच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी उजवी बाजू पाहून त्यांना भरून आलं.

त्यानंतर कृष्णरावांचे पाय जमिनीवर नव्हते. दंडार अडीचला सुरू झाली आणि ते रिंगणात शिरले, मातीत गुडघे टेकून बसले, बैलगाडीवर चढले. नत्थू डोळे मिटून वाजवत होता, नाचणारं पोरगं गिरकी घेत बाजूला झालं, आणि त्या एका क्षणात मधे कोणाचंही कोपर नव्हतं. कृष्णरावांनी बटण दाबलं. फोटो आला की नाही हे त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावंही लागलं नाही.

मात्र उठबस करता करता दुपट्टा उलगडत गेला. एक डोळा भिंगाला लावलेला आणि दुसरा मिटलेला, म्हणून त्यांना ते दिसलं नाही. पाच वाजता त्यांच्या छातीवर एका राजकीय पक्षाचं चिन्ह वीतभर आकारात झळकत होतं. कोणतं ते सांगत नाही, मतदान अजून व्हायचं आहे. त्याच पक्षाचे एक उमेदवार मंडईत पाया पडत फिरत होते. आपला माणूस दिसला म्हणून ते कृष्णरावांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो साकोलीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. कॅमेरा घेतल्यापासून स्वतः कृष्णरावांचा असा ठसठशीत फोटो निघाला नव्हता.

सुलोचनाबाईंनी तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "किती वरसानं मान सरळ दिसून राहिली तुमची," त्या म्हणाल्या. "अन् हसून राहिले, पाहा." मग त्यांना चिन्ह दिसलं. "अगं माय! आचारसंहिता लागली आहे ना?"

अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. साहेब नवीन, तिशीतले, स्वभावाने सज्जन.

"गायधने, एक कारणे दाखवा नोटीस काढायची आहे."

"हो साहेब. कोणाला?"

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. "तुम्हालाच."

कचेरीत नोटिसा टाइप करणारं टेबल एकच, ते कृष्णरावांचं. "दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं," साहेब ओशाळून म्हणाले, "पण त्यांच्या मसुद्यात चुका असतात." कृष्णराव जागेवर आले आणि टाइप करू लागले. साहेबांनी तोंडी सांगितलेला मजकूर त्यांना फार मिळमिळीत वाटला. 'सदर बाब योग्य नाही' हे काही नोटिशीचं वाक्य झालं? ते खोडून त्यांनी लिहिलं, 'सदर बाब अत्यंत गंभीर स्वरूपाची असून आपल्या कर्तव्यनिष्ठेविषयी शंका निर्माण करणारी आहे.' साहेब सात दिवसांची मुदत म्हणाले होते. चौतीस वर्षांच्या सवयीने कृष्णरावांच्या बोटांनी 'चोवीस तासांचे आत' असंच उमटवलं. सही आणली, जावक क्रमांक टाकला, पोच म्हणून स्वतःची सही घेतली, आणि आपली प्रत घेऊन वाचायला बसले.

वाचताना मात्र 'चोवीस तासांचे आत' त्यांनी तीनदा वाचलं. असले शेकडो कागद त्यांनी आजवर लोकांना पाठवले होते. समोरचा तो कसा वाचतो हे टेबलाच्या अलीकडून कधी दिसलं नव्हतं. दोन वर्षांवर पेन्शन, आणि मधे हा दुपट्टा. त्यांना जेवण गेलं नाही. डबा तसाच परत आला तेव्हा सुलोचनाबाई पहिल्यांदा घाबरल्या.

खुलासा त्यांनी मन लावून लिहिला. 'सदर उपरणे हे उपरणे नसून कॅमेऱ्याचा पट्टा आहे,' अशी सुरुवात होती. पुढे मानेचा इतिहास, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, चामडी पट्ट्याचा अनुभव, निळ्या पट्ट्याची पावती. पुरावा म्हणून त्यांनी नत्थूचा तो फोटो जोडला. त्यात ढोलकी बांधलेला दुपट्टा स्वच्छ दिसत होता, आणि तो दुसऱ्याच पक्षाचा होता. फोटोवर त्यांनी 'सहपत्र अ' लिहिलं, तेही मागच्या बाजूला, पेन्सिलीने. मूळ दुपट्टा खाकी लिफाफ्यात घालून 'सहपत्र ब'.

साहेबांनी सगळं वाचलं. 'अ' बराच वेळ पाहिला. "फोटो फार सुंदर आहे हो," म्हणाले. मग खुर्चीत अस्वस्थ हलले. "पण हे बांधतात कसं? नोंद करायची तर मला समजायला हवं."

"माझ्या अंगावर बांधलं तर मागची गाठ तुम्हाला दिसणार नाही, साहेब."

"मग माझ्या बांधा." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगायचं तर माझीही मान दुखते. रोज सह्या, वर हा मोबाइल."

कृष्णरावांनी लिफाफा उघडला आणि पुराव्यासाठी आणलेला कॅमेरा पिशवीतून काढला. खांद्यावरून तिरपा, कमरेला वेढा, गाठ, कुशीवर कॅमेरा. साहेब कक्षात दोन फेऱ्या मारून आले. "अरे वा! अडीच किलो म्हणता? लागतच नाही!" असं ते मोठ्याने म्हणत होते, तोच दार ढकलून सात-आठ माणसं आत आली. सरकारी नोकर एका पक्षाची बाजू घेतात अशा तक्रारीचं निवेदन विरोधी पक्षाचं शिष्टमंडळ घेऊन आलं होतं.

साहेबांच्या छातीवर चिन्ह होतं. शिष्टमंडळ चिन्हाकडे पाहत होतं. एकाने मोबाइल वर उचलला.

"हे उपरणं नाही!" साहेब ओरडले. "हा पट्टा आहे! गायधने, सांगा ना यांना!"

कृष्णराव पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबलाच्या पलीकडच्या माणसासाठी बोलले, आणि चांगलं बोलले. मान, कळ, मंडई, नत्थू, सगळं. शिष्टमंडळाचे पुढारी वयस्क होते. ते ऐकता ऐकता आपल्या मानेवरून हात फिरवू लागले. इतकी वर्षं हारतुरे घेऊन तीही काही धड राहिलेली नव्हती.

"हे आमच्या दुपट्ट्यानं बांधता येईन का?" त्यांनी विचारलं.

"येईल की. कोणाच्याही येईल."

बांधून दाखवलं. पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासकट दोन पावलं चालून पाहिलं आणि मान डोलावली. ती त्यांना विनासायास डोलावता आली. "मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि मोबाइल खाली आला. निवेदन तेवढं देऊन गेले. ते आवक करायला कृष्णरावांकडेच आलं.

प्रकरण 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी समज देऊन बंद झालं. आदेश टाइप कोणी केला ते सांगायला नको. त्यात त्यांनी एकही शब्द कडक केला नाही.

पुढच्या रविवारी कृष्णराव चौकट केलेला फोटो घेऊन करडीला गेले. नत्थू अंगणात बनियनवर बसला होता. रुखमिणीबाईंनी हात लुगड्याला पुसून फोटो घेतला, आणि या वेळी हा कोण माणूस असं विचारलं नाही. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जित्या माणसाचा भितीवर लावत नाही म्हनते. पन मी लावते बापा, मले काय!"

"एक राहिलं," कृष्णराव म्हणाले. "दुपट्ट्यावरचं चिन्ह आलं फोटोत. कंप्युटरवर पुसून देतो."

"राहू द्या, भाऊ. मेल्यावर कायची आचारसंहिता?"

सगळे हसले. कृष्णरावही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर नत्थूच्या उघड्या खांद्यावर गेली. तिथे बोटभर खोल, काळपट, तिरपी खाच पडली होती; कॅमेऱ्याचं वजन कमरेला देता येतं, ढोलकीचं खांद्यालाच पेलावं लागतं. त्यांनी फोटोत पाहिलं. फोटोतही दुपट्टा नेमका तिथेच रुतलेला होता. इतक्या दिवसांत हा फोटो त्यांनी, साहेबांनी, साऱ्या कचेरीने पाहिला होता. आपल्या मानेसाठी त्यांनी डॉक्टर, कंडक्टर, लेखा शाखा आणि पुण्याची लेक एवढे जण कामाला लावले होते. आणि हा माणूस 'आता नाही होत' म्हणाला, तेव्हा काय होत नाही, एवढंही त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"नत्थूभाऊ, खांदा दुखते का तुमचा?"

नत्थूने खाचेवरून बोट फिरवलं. "दुखते ना, भाऊ. खूपच दुखते. हात वर नाही होत सकाळी." मग जरा नवलाने म्हणाला, "पन कोनी इचारलं नोतं."

कृष्णराव उठले आणि स्कूटरच्या डिकीतून निळा पट्टा घेऊन आले. कॅमेरा डोळ्याशी उचलावा लागतो, ढोलकी तर पोटाशीच राहते. दोन्ही खांद्यांवर वजन वाटून जातं, हे काही तृप्तीने खोटं सांगितलं नव्हतं. रुखमिणीबाई पाठीमागून, कृष्णराव पुढून, अशी अकरा बकलं लावणं सुरू झालं. दोनदा उलटी लागली. चहा दोनदा गरम झाला. शेवटचं बकल खट्‌कन बसलं तसा नत्थू उभा राहिला, ढोलकीवर दोन थापा मारल्या, डावा खांदा हलवला, उजवा हलवला.

"आता अजून एक मंडई निघते, भाऊ," तो म्हणाला.